डीप फ्रीझर, पिंप आणि पेव

दुधनीत माझं फ्रीज दुरुस्तीचं दुकान आहे. तीस वर्षांत आइस्क्रीमवाल्यांचे, दूधवाल्यांचे, कोल्ड्रिंकवाल्यांचे आणि अलीकडे औषधवाल्यांचेही डीप फ्रीझर माझ्या हाताखालून गेले. दोन वर्षांपूर्वी इथल्या बाजार समितीतल्या एका अडत्याने मला मळ्यातल्या बंगल्यावर बोलावलं. धाकट्या भावाचा आइस्क्रीमचा धंदा बंद पडला होता आणि तीनशे लिटरचा त्याचा डीप फ्रीझर पडवीत धूळ खात होता. बंगल्यात घरचा बार काढायचं मालकांच्या मनात होतं. लाकडी काउंटर, उंच स्टुलं, काचेची मांडणी, सगळं तयार. ते म्हणाले, “मिस्त्री, ह्या डब्यातनं नळाची बिअर निघती काय बघा की.”

मला या प्रश्नाचं नवल वाटलं नाही. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याने आपल्या तळघरात नेमका हाच उद्योग केला होता आणि त्यातलं कॉम्प्रेसरचं काम त्याला मीच फोनवरून सांगितलं होतं. त्या वेळी या विषयावरचं जे मिळेल ते तोही वाचत होता, मीही वाचत होतो. पुढे मालकांना उत्तर द्यायचं म्हणून मी आणखी खोलात गेलो. ते उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात संपण्यासारखं नव्हतं. डबा कसा बदलायचा, बिअरला दाब का लागतो, दुधनीच्या उन्हाळ्यात काय होईल, कायदा काय म्हणतो आणि घरातल्या माणसांच्या जिवाला कुठे धोका आहे, हे सगळं त्यात येतं.

अमेरिकेत या वस्तूला ‘कीझर’ म्हणतात. केग म्हणजे बिअरचं पिंप आणि फ्रीझर, या दोन शब्दांची ती मोडतोड आहे. साध्या उभ्या फ्रीजमध्ये पिंप बसवलं तर त्याला ‘केजरेटर’ म्हणतात. ही नावं विनोदी वाटली तरी त्यांच्यामागे एका कायद्याची गोष्ट आहे. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ साली उठली. घरी वाइन करायची मुभा लोकांना मिळाली, पण घरी बिअर करायची मुभा राहून गेली. ती मिळायला १९७८ साल उजाडलं. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या वर्षी सही केलेला कायदा १९७९ च्या फेब्रुवारीत लागू झाला. घरात दोन प्रौढ माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, एकच असेल तर १०० गॅलन बिअर करता येते. विकायची मात्र नाही. तिथेही राज्याराज्यांचे कायदे वेगळे आहेत. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी घरच्या बिअरला परवानगी दिली ती थेट २०१३ साली.

घरी केलेली बिअर भरायची कशात, हा पुढचा प्रश्न शीतपेयांच्या कंपन्यांनी नकळत सोडवला. हॉटेलांत कोला पोचवण्यासाठी पाच गॅलनच्या, म्हणजे जवळजवळ १९ लिटरच्या, स्टीलच्या उभट टाक्या वापरात होत्या. कॉर्नेलियस कंपनीच्या नावावरून त्यांना ‘कॉर्नी केग’ म्हणतात. पुढे खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून सरबताचा अर्क येऊ लागला आणि या टाक्या भंगारात निघाल्या. घरी बिअर करणाऱ्यांनी त्या स्वस्तात उचलल्या. एका तोंडातून वायू आत जातो, दुसऱ्या तोंडातून पेय बाहेर येतं आणि वरचं झाकण उघडून हात घालून टाकी घासता येते. पेप्सीच्या टाक्यांचं तोंड एका प्रकारचं, कोकाकोलाच्या टाक्यांचं दुसऱ्या. हा भेद आजही हौशी लोक पाळतात. आपल्याकडे जुन्या दुधाच्या कॅनला जशी दुसरी जन्मठेप मिळते, तसंच हे.

बाटलीतली बिअर बहुतेक वेळा पाश्चराइझ केलेली असते, म्हणजे तापवून तिच्यातले जंतू मारलेले असतात. म्हणून ती दुकानाच्या फळीवर उभी राहू शकते. पिंपातली बिअर सहसा तशी नसते. ती कारखान्यापासून पेल्यापर्यंत थंडच ठेवावी लागते. नळाच्या बिअरची चव वेगळी लागते असं पिणारे म्हणतात, त्याचं मोठं कारण हेच. म्हणजे नळाच्या बिअरमध्ये नळाला फारसं महत्त्व नाही. महत्त्व आहे न तुटणाऱ्या थंडीला.

इथे माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. आज घरोघरी जो फ्रीज आहे, त्याच्या शास्त्राला पहिलं मोठं पाठबळ दिलं ते बिअरवाल्यांनी. जर्मन लागर बिअर थंडीतच मुरते. उन्हाळ्यात ती करायची तर तळघरात नदी-तळ्याचा बर्फ साठवावा लागे. १८७० च्या दशकात म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीने कार्ल फॉन लिंडे या प्राध्यापकाला यंत्राने थंडी निर्माण करायला पैसे आणि जागा दिली. आम्ही दुकानात कॉम्प्रेसर, कंडेन्सर, गॅस, कॉइल असे शब्द दिवसभर उच्चारतो. ती सगळी घराणी तिथून निघाली. दुधनीच्या आइस्क्रीमच्या डब्यातून बिअर काढणं म्हणजे एका अर्थी यंत्राला त्याच्या माहेरी नेणं आहे.

आता कामाचं. डीप फ्रीझरला उणे अठरा अंश माहीत असतात. बिअरला लागतात अधिक तीन ते चार. फ्रीझरचा मूळ थर्मोस्टॅट सर्वांत कमी थंडीवर ठेवला तरी तो बिअर गोठवून टाकेल. आपल्याकडच्या काही डीप फ्रीझरना कूलर आणि फ्रीझर असा खटका असतो, ते काम सोपं करतात. मालकांच्या डब्याला तो नव्हता. अशा वेळी बाहेरून डिजिटल कंट्रोलर लावायचा. त्याची बारीक तार आत सोडायची, फ्रीझरचा प्लग त्याच्यात घालायचा. आत चार अंशांच्या वर गेलं की तो कॉम्प्रेसर चालू करतो, अडीचच्या खाली आलं की बंद करतो. तारेचं टोक मोकळ्या हवेत लोंबकळत ठेवू नये, ते पाण्याने भरलेल्या बाटलीला किंवा पिंपालाच चिकटवावं. झाकण उघडलं की हवा लगेच तापते आणि हवेवर भरवसा ठेवणारा कंट्रोलर कॉम्प्रेसरला उगाच पळवत राहतो.

कंट्रोलरमध्ये थांबण्याची वेळ लावायची सोय असते, ती मी नेहमी पाच मिनिटांवर ठेवतो. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर त्याच्या दोन बाजूंचे दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. त्याआधी तो पुन्हा चालू केला तर मोटर जोर करते, फिरत नाही आणि तापते. आमच्या भागात वीज जाते-येते त्यामुळे ही पाच मिनिटं अमेरिकेपेक्षा इथे जास्त मोलाची. स्टॅबिलायझर हवाच.

आडवाच डबा का, उभा का नको, असं मालकांनी विचारलं होतं. थंड हवा जड असते. आडव्या डब्याचं झाकण वर उघडतं, त्यामुळे ती आतच बसून राहते. उभ्या फ्रीजचं दार उघडलं की ती पायांवर ओतली जाते. उभ्या फ्रीझरमध्ये बहुतेकदा फळ्यांमध्येच कॉइल असते, त्यामुळे फळ्या काढून पिंप बसवता येत नाही. आडव्यात कॉइल भिंतींच्या आत, पत्र्याला चिकटून, डब्याभोवती गुंडाळलेली असते. म्हणून आडव्या डब्याच्या भिंतीला ड्रिल लावायचं नाही. नळी फुटली तर डब्याची किंमत भंगाराची होते. नव्या डब्यांत आर-६०० ए किंवा आर-२९० भरलेला असतो. हे ब्यूटेन-प्रोपेनच्या घरातले, पेट घेणारे वायू आहेत. तिथे ठिणगी उडणारं ड्रिल चालवणं म्हणजे शेगडीच्या नळीला भोक पाडण्यासारखं.

मग तोट्या लावायच्या कुठे? यावर हौशी लोकांनी काढलेला तोडगा मला फार आवडला. डब्याचं झाकण बिजागऱ्यांसकट काढायचं, डब्याच्या काठावर आठ इंच उंचीची लाकडी चौकट बसवायची आणि झाकण त्या चौकटीवर लावायचं. तोट्या, वायूच्या नळ्या, कंट्रोलरची तार, सगळं या चौकटीतून जातं. यंत्राला कुठेही भोक पडत नाही. चौकट काढली की आइस्क्रीमचा डबा पुन्हा आइस्क्रीमचा. आमच्या सुताराने जुन्या दाराचं सागवान वापरलं, आतून थर्माकोल आणि फळी लावली, सांध्यांत सिलिकॉन भरलं. आठ इंच उंची वाढल्याने साधारण पंचवीस इंच उंचीच्या टाक्या त्यांच्या नळ्यांसकट आरामात उभ्या राहतात.

उणे अठराला बाष्प भिंतीवर बर्फ होऊन बसतं, तीन अंशांना ते घाम होऊन तळाला साचतं. महिन्याभरात बुरशीचा वास येतो. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या, त्या अधूनमधून उन्हात किंवा तव्यावर वाळवून परत वापरायच्या. शिवाय तळाला तीन अंश आणि चौकटीजवळ दहा अंश, असा फरक पडतो. संगणकातला छोटा पंखा तळाशी लावून थंड हवा वर ढकलली की तो कमी होतो. भाच्याला पहिल्या पेल्यात नुसता फेस मिळायचा, त्याचं कारण हे होतं. बिअर थंड असली तरी वरची नळी गरम होती आणि गरम नळीत शिरताच वायू बाहेर पडत होता.

फेसाचं शास्त्र समजायला बिअर लागत नाही, गोटी सोडा पुरतो. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली पेटंट घेतलेली ही बाटली सोलापूर जिल्ह्यात अजून दिसते. आतल्या वायूचा दाबच गोटीला तोंडाशी दाबून धरतो. गोटी आत ढकलली की दाब सुटतो आणि पाण्यात विरघळलेला कार्बन डायॉक्साइड बुडबुड्यांनी बाहेर येतो. द्रवात किती वायू विरघळेल हे त्याच्यावरच्या दाबाच्या प्रमाणात असतं, हा नियम विल्यम हेन्री यांनी १८०३ साली मांडला. द्रव जितका थंड, तितका वायू जास्त विरघळतो. थंडी आणि दाब ही दोन चाकं मिळून ही गाडी चालते. तीन अंशांच्या बिअरवर १० ते १२ पीएसआय दाब ठेवला तर एक लिटर बिअरमध्ये सुमारे अडीच लिटर वायू मुरतो. तेवढा वायू बहुतेक बिअरला रास्त असतो. मोटारसायकलच्या मागच्या चाकात तीसच्या आसपास पीएसआय हवा असते, यावरून अंदाज यावा.

बारा पीएसआयने ढकललेली बिअर सरळ तोटीतून आली तर पेल्यात फेसाशिवाय काही उरणार नाही. म्हणून पिंपापासून तोटीपर्यंत बारीक, सुमारे पाच मिलिमीटर पोकळीची, नळी वापरतात आणि ती मुद्दाम आठ-दहा फूट लांब ठेवतात. घासून घासून दाब नळीतच खर्च होतो आणि बिअर तोटीतून शांतपणे उतरते. पिंप तोटीपासून दोन फुटांवर असताना दहा फूट नळी वेटोळं करून ठेवलेली बघून आमचा सुतार हसला होता. शेतात ठिबकच्या शेवटच्या ड्रिपरला पाणी का कमी पडतं हे त्याला ठाऊक होतं. तेच इथे मुद्दाम केलंय म्हटल्यावर गप्प झाला.

आता आमचा मे महिना. पडवीत ४० अंश असताना उणे अठराच्या डब्याला ५८ अंशांचा फरक सांभाळावा लागतो, तीन अंशांच्या डब्याला ३७ अंशांचा. आत शिरणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते. म्हणजे उष्णता तिसऱ्या हिश्शाहून थोडी अधिकच कमी होते आणि कॉम्प्रेसरवरचा ताणही उतरतो. आइस्क्रीमपेक्षा बिअरचं वीजबिल कमी येतं ते यामुळे. ३५ अंशांवर असलेली १९ लिटरची टाकी तीन अंशांवर आणायची तर सुमारे २५५० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. बर्फाच्या भाषेत, साडेसात किलो बर्फ पूर्ण वितळला पाहिजे. छोट्या कॉम्प्रेसरला एक रात्र लागते. पाहुणे संध्याकाळी येणार असतील आणि टाकी दुपारी आत ठेवली तर काही साधत नाही. वीज गेली तर दोन भरलेल्या टाक्या असलेल्या डब्यात तासाला साधारण एक अंश चढतो, असा माझा हिशोब आहे. चार तासांच्या भारनियमनाने नुकसान होत नाही, फक्त फेस वाढतो.

सिलिंडरचा प्रश्न मात्र न्यू जर्सीत आणि दुधनीत सारखा नाही. कार्बन डायॉक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो आणि वरची वाफ आपण वापरतो. पण हा वायू ३१ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव राहत नाही. भाच्याचं तळघर वर्षभर वीस अंशांच्या खाली असतं. आमच्या पडवीत मार्च ते जून हा उंबरठा रोज ओलांडला जातो. बेचाळीस अंशांना पूर्ण भरलेल्या सिलिंडरमधला दाब शंभर बारच्या घरात जातो. सिलिंडर तेवढं सोसायला बनवलेला असतो, पण उन्हात, पत्र्याखाली किंवा बंद गाडीत ठेवला तर त्यापुढे जायला वेळ लागत नाही. भाचा सिलिंडर डब्यातच ठेवतो. तीन अंशांना त्याच्यातला दाब चाळीस बारच्या खाली असतो, म्हणून काट्याकडे बघून तो संपत आलाय असं वाटतं; खरं मोजमाप वजनाने. मी मालकांकडे सिलिंडर डब्यात ठेवला नाही, त्याला कारण दुसरं होतं.

आमच्या भागातल्या जुन्या वाड्यांत पेवं असायची. जमिनीत खोल खणलेली, तोंडाला अरुंद आणि आत घागरीसारखी रुंद. कानडीत त्याला हगेव म्हणतात. ज्वारी त्यात भरून तोंड दगड-मातीने लिंपत. धान्य जिवंत असतं, ते श्वास घेतं. आतला ऑक्सिजन संपतो, कार्बन डायॉक्साइड भरतो आणि त्या हवेत कीडही जगत नाही. म्हणूनच पेवातली ज्वारी टिके. पण पेव उघडल्याबरोबर आत उतरलेला माणूस वर येत नसे. तोंड उघडून पेव बराच वेळ तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा आणि तो विझला नाही तरच माणूस उतरायचा, अशी रीत होती. ही रीत चांगली, पण पुरेशी नव्हे. हवेत या वायूचं प्रमाण चार टक्के झालं की ते जिवाला धोक्याचं मानलं जातं आणि तेवढ्यात कंदील बहुधा जळतच असतो.

डीप फ्रीझर म्हणजे जमिनीवर ठेवलेलं पेव आहे. हा वायू हवेच्या दीडपट जड. डब्यातल्या नळीला सुईच्या टोकाएवढी गळती असली तर तो तळाला साचतो, झाकण उघडून वाकणाऱ्या माणसाचं डोकं थेट त्यात जातं. भाच्याकडचा सिलिंडर पाच पौंडांचा, म्हणजे सव्वादोन किलोचा आहे. एवढा द्रव वायू झाला की साडेबाराशे लिटर होतो. तीनशे लिटरच्या डब्यातली हवा चार वेळा बाहेर ढकलायला तो पुरे. दहा फूट बाय बारा फूट, दहा फूट उंच अशा बंद खोलीत तो सगळा सुटला तर प्रमाण पावणेचार टक्क्यांच्या आसपास जातं. अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांची मर्यादा अर्धा टक्का आहे. बारच्या खोलीला लागून मालकांच्या नातवंडांची झोपायची खोली होती, एसीमुळे दारं-खिडक्या बंद. मी मालकांना म्हटलं, या हिशोबाचं उत्तर आधी लिहून घेऊ, तोट्या मग निवडू.

शेवटी सिलिंडर बाहेर, उत्तरेच्या भिंतीला सावलीत साखळीने बांधून ठेवला. आत फक्त कमी दाबाची नळी येते. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडा बघितला. फ्रीजमध्ये गॅस भरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. काम संपलं की मुख्य कॉक बंद, हा नियम काउंटरच्या आतल्या बाजूला रंगवून घेतला. कार्बन डायॉक्साइड ओळखणारा अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर बसवला, छताला नाही. मालकांच्या आई नव्वदीच्या. त्या काठी टेकत आल्या, झाकण उघडून दाखवल्यावर नातवंडांना कानडीत बजावून गेल्या, की हे हगेव आहे, यात डोकं घालायचं नाही. अलार्मपेक्षा त्यांच्या बोलण्याचा मुलांवर जास्त परिणाम झाला.

डबा तयार झाला, पण बिअर? इथे मला मालकांना निराश करावं लागलं. महाराष्ट्रात आजही १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. पूर्वी तो मुंबई दारूबंदी कायदा होता, आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातली काही कलमं रद्द केली, बाकीचा कायदा उभा राहिला. पुढे पिण्याची बंधनं सैल होत गेली, पण ती कायदा उठवून नव्हे तर परवान्यांतून. वर्धा आणि गडचिरोलीत तर अजून पूर्ण बंदी आहे. आपल्याकडे कायद्याप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना हवा. बिअरला वयाची अट २१, कडक दारूला २५. परवाना काढून घरात बाटल्या ठेवता येतात, ठरवून दिलेल्या प्रमाणात. घरी बिअर गाळणं मात्र परवान्याशिवाय दारू तयार करणं ठरतं आणि तो गुन्हा आहे. कार्टर यांनी १९७८ साली सही केली तशी सही इथे कोणी केलेली नाही.

मग तयार बिअरचं पिंप आणू, असं मालक म्हणाले. पुण्यात २००९ साली डूलॅली सुरू झाली, तेव्हापासून मायक्रोब्रुअरी हा शब्द मराठीत रुळला. पण तिथली ताजी बिअर मुख्यतः तिथल्या तिथे पिण्यासाठी असते. दुधनी तिथून सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात. सोलापुरात चौकशी केली. बाटली मिळते, कॅन मिळतो, घरी न्यायला पिंप कोणी देत नाही. “मग पलीकडनं आणू की,” असं मालकांच्या मुलाने सुचवलं. कर्नाटकाची हद्द आमच्या शिवारालाच लागून आहे आणि दोन्हीकडे सोयरीक आहे, त्यामुळे हे बोलणं साहजिक. पण राज्याची हद्द ओलांडून विनापरवाना दारू आणणं हाही याच कायद्याखाली गुन्हा आहे आणि पिंप काही पिशवीत लपत नाही. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की डबा मी करून दिलाय, त्यात काय भरायचं ते कायद्यात बसणारंच असलं पाहिजे.

यावर तोडगा मालकांच्या काउंटरवरच दिसला. तिथे व्हिस्कीच्या बाटल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी सोड्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांची रास. आपल्याकडे घरच्या बारमध्ये बिअरपेक्षा जास्त खपतो तो सोडा. न पिणारेही तो पितात, लिंबू-मीठ घालून. आणि सोड्याचा जन्म बिअरच्याच घरचा आहे. जोसेफ प्रीस्टली हे शास्त्रज्ञ १७६७ च्या सुमारास इंग्लंडातल्या लीड्समध्ये एका ब्रुअरीशेजारी राहत. आंबणाऱ्या बिअरच्या पिंपावर वायूचा थर साचतो, त्यात पेटती काडी विझते, हे त्यांनी पाहिलं. त्या थरात त्यांनी पाण्याचं भांडं धरलं, वायू पाण्यात मुरला आणि पाण्याला आंबूस, चुणचुणीत चव आली. ती कृती त्यांनी १७७२ साली छापली. पेवातला आणि प्रीस्टलींच्या पिंपावरचा वायू एकच, हे मालकांना सांगितल्यावर त्यांनी आईकडे बघितलं.

भाचा गेल्या दिवाळीत आला तेव्हा त्याने सामानातून दोन रिकाम्या कॉर्नी टाक्या आणल्या. एकेकीचं वजन चार-साडेचार किलो. एकीत आरओचं पाणी आणि २६-२८ पीएसआय दाब, म्हणजे मोटारसायकलच्या चाकाएवढा. तीन अंशांना एवढ्या दाबाखाली एका लिटर पाण्यात चार लिटरच्या आसपास वायू मुरतो, दुकानातल्या चांगल्या सोड्याइतका. नुसता दाब देऊन सोडलं तर मुरायला काही दिवस जातात; टाकी आडवी करून मांडीवर हलवली तर अर्ध्या तासात बरंच काम होतं. एका टाकीला मुरवणं आणि ढकलणं धरून सुमारे पाव किलो वायू लागतो. दुसऱ्या टाकीत आलं-लिंबाचं सरबत, कमी दाबावर. टाक्यांच्या शेजारी उरलेल्या जागेत मालकांच्या परवान्यावरच्या बिअरच्या बाटल्या. तीन अंशांवर त्या उत्तम राहतात, फ्रीजमधल्या भाजीच्या वासातून सुटतात आणि घाईत बर्फात खुपसाव्या लागत नाहीत.

दाब वाढला तशी नळीही वाढवावी लागली. बिअरसाठी ठेवलेली दहा फुटांची नळी सोड्याला तोकडी पडते, पेला हातातून उडवेल इतक्या जोराने तो येतो. आम्ही वीस फुटांची वेटोळी टाकीभोवती गुंडाळली, म्हणजे तीही थंड राहते. सरबताच्या नळीतून दर आठवड्याला गरम पाणी सोडतो, कारण साखर राहिली की नळीत चिकट थर धरतो आणि चव बिघडते. सोड्याच्या नळीला तो त्रास नाही. भाच्याने आता तिकडे बिअरच्या दोन तोट्यांशेजारी तिसरी तोटी सोड्याची लावायला घेतली आहे. नळी किती फूट ठेवू म्हणून परवा त्याने फोन केला होता. वीस फुटांनी सुरुवात कर, जास्त वाटली तर कापता येते, असं मी त्याला सांगितलं.